गोष्ट ‘थिंग’ची

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे दिवसभर दोन भाषांत ये-जा चालू असते. मुलांना एखाद्या वस्तूचं नाव आठवलं नाही की उर्दूत ‘वो चीज़’, मराठीत ‘ती गोष्ट’, आणि हल्ली मोबाइलच्या कृपेने ‘थिंग’. खडूही थिंग, डबाही थिंग. गृहपाठ का केला नाही म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘आपा, एक थिंग हो गई.’

शब्दकोश वाचत बसायची मला बी.एड.पासूनची खोड आहे. इंग्रजीतला सगळ्यात पोकळ शब्द कोणता असं कोणी विचारलं असतं, तर मी बेधडक ‘थिंग’ म्हटलं असतं. काहीही ओता, मावतं. पण व्युत्पत्तीचा कोश उघडला आणि थांबले. या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ वस्तू असा नाही. तो आहे सभा. माणसं एका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जमतात, भांडण मिटवतात, कायदा ठरवतात, ती सभा म्हणजे थिंग. इंग्लंडच्या केंट भागातल्या राजांचे सातव्या शतकातले कायदे आहेत, त्यांत हा शब्द याच अर्थाने आलेला आहे.

इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्या एका कुळातल्या भाषा. जर्मनिक कुळ म्हणतात त्याला. आपल्याकडे मराठी, गुजराती, बंगाली जशा सख्ख्या-चुलत बहिणी, तशाच त्या. ‘थिंग’ त्या सगळ्यांच्या घरात आहे. जर्मनमध्ये डिंग, डचमध्ये डिंग, डॅनिशमध्ये टिंग. गॉथिक ही त्या कुळातली आता मेलेली भाषा. तिच्यात याच्याशी नातं असलेला शब्द ‘वेळ’ या अर्थाने सापडतो. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की मुळात ही ‘ठरलेली वेळ’ असावी आणि त्यावरून त्या वेळी भरणारी सभा. आपल्याला हे समजायला कठीण नाही. कोर्टात ‘आज माझी तारीख आहे’ म्हणतो तेव्हा आपण कॅलेंडरबद्दल बोलत नसतो.

या सभांचं सगळ्यात जुनं वर्णन एका परक्याने केलं आहे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार. इ.स. ९८ मध्ये त्याने जर्मन टोळ्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की ही माणसं अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला जमतात, आणि काळ मोजतात तो दिवसांनी नव्हे, रात्रींनी. (मगरिबला नवी तारीख सुरू करणाऱ्या आपल्या घरांत हे वाचून कोणी चकित होणार नाही.) वेळेवर कोणी येत नाही, दोन-तीन दिवस वाट बघण्यात जातात. हेही ओळखीचंच. सगळे हत्यारं घेऊन बसतात. सरदार बोलतो, पण त्याचं चालतं ते त्याच्या बोलण्यात पटवण्याची ताकद असेल तर. बोलणं आवडलं नाही की जमाव गुरगुरतो, आवडलं की भाले आपटतो.

पुढे याच टोळ्यांतले काही लोक रोमन सैन्यात नोकरीला लागले आणि इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या तटावर जाऊन पहारा करू लागले. तिथे १८८३ मध्ये त्यांनी उभारलेल्या दगडी वेदी सापडल्या. तिसऱ्या शतकातल्या. त्यांवर देवाचं नाव कोरलं आहे ‘मार्स थिंग्सस’, म्हणजे सभेचा मंगळ. बहुतेक अभ्यासकांच्या मते जर्मनमधला ‘डीन्सटाग’ आणि डचमधला ‘डिन्सडाख’ हे वारांचे शब्द याच देवावरून आले. ते दोन्ही आपल्या मंगळवाराचेच शब्द आहेत, हा योगायोग मला फार आवडतो.

मग शब्दाची वाट फुटली. उत्तरेकडे त्याने सभा सोडली नाही. आइसलँडची संसद आजही ‘आल्थिंग’, सगळ्यांची सभा. नॉर्वेची ‘स्टोर्टिंग’, मोठी सभा. डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’, लोकांची सभा. आइल ऑफ मॅन नावाच्या छोट्याशा बेटाची ‘टिनवाल्ड’ म्हणजे सभेचं मैदान. याउलट इंग्लंड-जर्मनीत तो शब्द सभेतून बाहेर पडला. आधी सभा, मग सभेपुढे आलेलं प्रकरण, मग कुठलंही प्रकरण, मग कुठलीही बाब, आणि शेवटी खुर्ची, डबा, खडू. डॅनिशमध्ये तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात, फक्त लिंग बदलतं: ‘एन टिंग’ म्हणजे वस्तू आणि ‘एट टिंग’ म्हणजे सभा. व्याकरण शिकवणाऱ्याला याहून गोड उदाहरण मिळायचं नाही.

जुना अर्थ जिथे तिथे कपारीत अडकून राहिलेला दिसतो. इंग्रजीत निवडणुकीच्या प्रचाराला ‘हस्टिंग्ज’ म्हणतात, त्यातला ‘टिंग’ हाच. मूळ शब्द घरच्या माणसांच्या सभेसाठी होता. डच लोक खटल्याला ‘खेडिंग’ म्हणतात आणि बाजारात भाव पाडून मागण्याला ‘आफडिंगन’. म्हणजे आपल्या आयाबहिणी मासळीवालीशी जे करतात त्यालाही नाव सभेवरूनच.

इथे मला उठून माझ्याच भाषेकडे बघावंसं वाटलं. ‘गोष्ट’ हा शब्द मी रोज शंभर वेळा वापरते. त्याचं मूळ संस्कृत ‘गोष्ठी’. गोष्ठी म्हणजे सभा, मंडळी जमून केलेली बोलणी. आणि गोष्ठीचं मूळ ‘गोष्ठ’, गाई बांधायची जागा, ज्याच्यापासून आपला ‘गोठा’ आला. गाई जमतात तो गोठा, माणसं जमतात ती गोष्ठी, तिथे जे बोललं जातं ती गोष्ट. मग ‘ही गोष्ट बरी नाही’ म्हणजे बाब, आणि ‘बाजारातून दोन गोष्टी आणायच्यात’ म्हणजे कांदे आणि साबण. हजारो मैलांवर, कोणी कोणाचं ऐकून नाही, तरी थिंग आणि गोष्ट एकाच वाटेने चालत आले. लॅटिनही त्याच वाटेवर आहे. ‘काउसा’ म्हणजे खटला, त्यातून इटालियन ‘कोसा’ आणि फ्रेंच ‘शोझ’. दोन्हींचा आजचा अर्थ वस्तू.

याचा अर्थ मी असा लावते की माणसाला ‘वस्तू’ ही कल्पना दगडाकडे बघून सुचली नसावी. ज्याच्यावर चारचौघांत बोलणं झालं तीच आधी ‘गोष्ट’ झाली. भाषाशास्त्रज्ञ इतकं पुढे जाऊ देणार नाहीत. पण मी शिक्षिका आहे, मला थोडी सूट आहे.

आता आइसलँडचं सविस्तर सांगते, कारण तिथली हकिकत आपल्या कामाची आहे. इ.स. ९३० मध्ये तिथे आल्थिंग सुरू झालं. जागा होती थिंगव्हेत्लिर, लाव्हाच्या कड्याखालचं मोकळं मैदान. राजा नाही, पोलीस नाही. एक अधिकारी होता, त्याला ‘कायदा सांगणारा’ म्हणायचे. कायदा लिहिलेला नव्हताच. तो त्याला पाठ असायचा. दर उन्हाळ्यात तो ‘कायद्याच्या खडका’वर उभा राहून एक तृतीयांश कायदा म्हणून दाखवायचा आणि तीन वर्षांत सगळा पुरा करायचा. १११७-१८च्या हिवाळ्यात कायदा कागदावर यायला लागेपर्यंत हे असंच चाललं. ज्या घरात हाफिज आहे, तरावीहमध्ये मागे उभं राहून दुरुस्ती सांगणारा दुसरा हाफिज आहे, तिथे याचं वजन वेगळं सांगायला नको. पाठ असलेलं सगळ्यांच्या कानांवर पडत राहिलं तरच शाबूत राहतं.

सन १०००च्या सुमारास या मैदानावर यादवीची वेळ आली. काही लोक ख्रिस्ती झाले होते, बाकीचे जुन्या देवांचे. दोन्ही बाजूंनी जाहीर करून टाकलं की आता तुमचा-आमचा कायदा एक नाही. ख्रिस्ती मंडळींनी आपला वेगळा कायदा सांगणारा नेमला होता. पण तो शहाणा निघाला. तो विरुद्ध बाजूच्या कायदा सांगणाऱ्याकडे, थोरगेर नावाच्या माणसाकडे गेला आणि म्हणाला की दोघांच्या वतीने तूच ठरव. थोरगेर स्वतः जुन्या धर्माचा. बाराव्या शतकात आरी नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की तो आपल्या तंबूत गेला, अंगावर घोंगडं ओढलं आणि एक दिवस एक रात्र कोणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावर येऊन त्याने सांगितलं: कायदा फाटला तर शांतताही फाटेल, म्हणून सगळ्यांचा कायदा एकच राहील, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र घोड्याचं मांस खायची मुभा राहील, घरात गुपचूप जुन्या देवांना बळी देता येईल, आणि नको असलेलं नवजात मूल उघड्यावर टाकून द्यायची जुनी रीतही चालू राहील. काही वर्षांत या सवलती काढून टाकल्या गेल्या.

युरोपातल्या पुस्तकांत ही हकिकत समंजसपणाचा नमुना म्हणून येते, आणि ती आहेही. तलवारी म्यानात राहिल्या. पण शेवटची सवलत वाचताना माझ्यासमोर सूरह तकवीर येते, जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी ‘कोणत्या गुन्ह्यासाठी’ असं विचारलं जाईल, ती आयत. त्या मैदानावर दोन बाजूंनी एकमेकांना काय काय सोडलं, त्यात हे मूल दिलं-घेतलं गेलं. ते कुठल्याच बाजूला बसलेलं नव्हतं.

नंतरच्या थिंगांतही हेच दिसतं. १८१४ मध्ये नॉर्वेने आपली राज्यघटना केली, तिच्या काळाच्या मानाने फार उदार. तिच्या दुसऱ्या कलमात ज्यूंना देशात यायलाच बंदी घातली. ती ठरवणाऱ्या सभेत एकही ज्यू नव्हता. ही बंदी उठायला १८५१ उजाडलं. हेन्रिक वेर्गेलान हा कवी त्यासाठी आयुष्यभर भांडला आणि बंदी उठायच्या सहा वर्षं आधी वारला. आइसलँडच्या बायकांना संसदेसाठी मत मिळालं १९१५ मध्ये, तेही चाळिशी उलटलेल्यांना. पहिली बाई आल्थिंगमध्ये निवडून गेली १९२२ मध्ये, सभा सुरू झाल्याला हजार वर्षं व्हायला आठ वर्षं उरली असताना.

आणि मग एक जर्मन शब्द आहे, ‘फेरडिंगन’. आतला ‘डिंग’ ओळखा. मूळ अर्थ बोलणी करून ठरवणं, त्यावरून करार करून कोणाला तरी कामावर देणं. स्वित्झर्लंडमध्ये यावरून ‘फेरडिंगकिंडर’ शब्द तयार झाला. अनाथ, गरिबांची, लग्नाबाहेर झालेली, घटस्फोटितांची मुलं गावची पंचायत ताब्यात घ्यायची आणि शेतकऱ्यांकडे कामाला द्यायची. एकोणिसाव्या शतकात काही ठिकाणी चक्क बोली लागायची, आणि मूल जायचं ते सगळ्यात कमी पैसे मागणाऱ्याकडे, कारण सांभाळायचे पैसे पंचायतीला द्यावे लागायचे. अशी मुलं गोठ्यात झोपली, मार खाल्ला, शाळा सुटली. बोली बंद झाली तरी मुलं देण्याची पद्धत १९६०च्या दशकानंतरही पूर्ण थांबली नव्हती. सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये, आणि २०१७ पासून हयात असलेल्यांना प्रत्येकी २५ हजार फ्रँकपर्यंत रक्कम देण्याचा कायदा लागू झाला. शब्दाची जी वाट मी वर हौसेने सांगितली, सभेकडून वस्तूकडे, ती या मुलांनी अंगाने चालून पाहिली.

आपल्याकडे शिवकाळात आणि पेशवाईत गावचे तंटे ‘गोतसभा’ मिटवायची. निवाड्याचा जो कागद व्हायचा त्याला म्हणायचे ‘महजर’. अरबी शब्द आहे, ‘हाजिर’, ‘हजर’ यांच्याच कुटुंबातला. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि काझीसुद्धा त्यावर सही-निशाणी करायचे. शेतकरी नांगर काढायचा. म्हणजे निवाड्याच्या कागदाला निवाड्याचं नाव नाही, हजेरीचं नाव आहे. आमचा ‘मसला’ हा शब्दही पाहा. तो ‘सवाल’च्या धातूतून येतो: जे विचारलं जातं ते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात ‘मुलींचा मसला’ निघाला तेव्हा मला हे सगळे शब्द एकदम आठवले, कारण मुलींना कोणी काही विचारलं नव्हतं.

झालं असं की आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे अकरा किलोमीटरवर तालुक्याला जायचं. सकाळची एसटी आहे, संध्याकाळची फेरी त्या वर्षी बंद पडली. नऊ मुली होत्या. जुम्म्यानंतर जमातीची बैठक बसली. दीड तास रस्ता, अंधार, मोबाइल, बिघडलेला जमाना यांवर चर्चा झाली आणि ठरलं की मुलींनी घरी बसावं, दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरावा. लोक वाईट नव्हते. काळजी खरी होती. मला निरोप आला, ‘आपा, मुलींचा मसला निपटला.’

सोमवारी सात आया शाळेच्या पडवीत येऊन बसल्या. त्यांच्याकडून जे कळलं ते बैठकीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. मासळी विकायला तालुक्याला जाणाऱ्या बायका रोज पाच वाजता एका सहा सीटरने परत येतात. गाडीवाला शेजारच्या वाडीतला, सगळ्यांच्या ओळखीचा. गावातले पुरुष बाइकवर जातात, त्यांना ती गाडी दिसायचं कारण नाही. अडचण एवढीच की शाळा सुटते पाच वीसला. गाडी अर्धा तास थांबली की प्रश्न मिटतो.

मी सदरसाहेबांकडे गेले. वाद घालायला नाही, सबक द्यायला नाही. सूरह शूरामध्ये मोमिनांची लक्षणं सांगताना नमाज आणि अल्लाहने दिलेल्यातून खर्च करणं, या दोहोंच्या मधोमध आपसातली सल्लामसलत ठेवली आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी फक्त ५८व्या सूरहचं नाव काढलं. ‘मुजादला’, हुज्जत घालणारी बाई. तफसीरकार तिचं नाव खौला बिन्त सअलबा सांगतात. नवऱ्याने तू मला आईच्या पाठीसारखी, असं म्हणून तिला ना बायको ठेवलं ना मोकळं केलं. ती स्वतः रसूलुल्लाह (स.) यांच्यापुढे गेली आणि आपलं म्हणणं मांडत राहिली. सूरहची सुरुवात अल्लाहने तिचं ऐकलं, इथून होते. सदरसाहेब थोडा वेळ तस्बीह फिरवत बसले. मग म्हणाले, ‘रविवारी शाळेत बसू. त्यांनाही बोलवा.’

रविवारी अकरा आया आल्या, नऊपैकी चार मुली आल्या. दोन बुजुर्ग नाराज होऊन उठून गेले, ते अजून माझ्या सलामला जेमतेम जवाब देतात. गाडीवाल्याला बोलावलं. महिन्याच्या पैशांवरून बराच वेळ आफडिंगन झालं, आणि त्यात आयांनी जमातीच्या खजिनदाराला मागे टाकलं. साडेपाचला गाडी सुटेल असं ठरलं.

नऊपैकी सहा मुली आता तालुक्याला जातात. दोघींनी शेवटी १७ नंबरच भरला. एकीचं त्याच वर्षी लग्न झालं.

जमातीच्या प्रोसिडिंग बुकात त्या रविवारच्या पानावर हजर असलेल्यांच्या सह्या आहेत, त्यांत तीन अंगठे. पुढची बैठक ईदनंतर आहे. विषय आयांनीच दिला आहे: पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडे थांबते, तिथून घरापर्यंत मुलींबरोबर कोण येणार.